मार्कंडेयाची सोळा वर्षे आणि शाळेचे ८०० तास



आपल्या चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा हे क्षेत्र आपणां सर्वांस परिचित आहे. वैनगंगा तेथे उत्तरवाहिनी होते, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत आसपासच्या शाळांची हजेरी रोडावते. ज्या मार्कंडेय ऋषींशी या स्थानाचे नाव जोडले जाते, त्यांची पुराणकथा चौथी-पाचवीच्या वर्गात अवश्य सांगावी. मृकंडू ऋषींपुढे शंकराने दोन पर्याय ठेवले : दीर्घायुषी पण गुणहीन पुत्र, किंवा सोळाच वर्षे जगणारा गुणी पुत्र. ऋषींनी दुसरा पर्याय स्वीकारला. सोळावे वर्ष भरताच यम आला. मुलाने शिवलिंगास मिठी मारली आणि शिवाने त्यास अभय दिले.

कथा सांगताना आपण बहुधा शेवटच्या चमत्कारावर भर देतो. वस्तुतः पाठाचा गाभा त्याआधीच येऊन जातो. दिवस मोजके आहेत हे ठाऊक असूनही त्या मुलाने आपली उपासना सोडली नाही. म्हणून कथेनंतर मुलांना विचारावे, ‘शाळेचे थोडेच दिवस उरले असे कळले, तर तुम्ही आधी काय शिकाल?’ उत्तरे शांतपणे ऐकावीत. दुरुस्त करू नयेत.

वरच्या वर्गांसाठी इतिहासातील उदाहरण हवे असल्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे घ्यावे. ते आपल्याच पेशातले, सरकारी शाळेतील शिक्षक. १८७४ साली नोकरीत असतानाच त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि सात वर्षांत ८४ अंक काढले. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. १८८२ साली ते निवर्तले तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ होते. आपल्याला थोडीच वर्षे मिळणार आहेत, याची त्यांना कल्पना नव्हती. मुलांच्या हे ध्यानात आणून द्यावे.

आता आपल्या वर्गाकडे वळू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरविले आहे. वर्षाचे एकूण तास ८,७६०. म्हणजे मुलाच्या काळाचा दहावा हिस्सासुद्धा आपल्या हाती नाही. दोन वर्ग एकाच शिक्षकाकडे असले तर प्रत्येक वर्गास प्रत्यक्ष अध्यापन ४०० तासच मिळते. त्यातून रोज दहा मिनिटे गेली तरी वर्षाला ३३ तासांहून अधिक, म्हणजे शाळेचे आठ दिवस गेले. हजेरी घेणे, पाट्या-वह्या शोधणे, वर्गात आलेल्या पाहुण्याशी बोलणे, एवढ्यातच ही दहा मिनिटे सहज जातात. वर्ग चालू असता मागितलेले माहितीपत्रक शाळा सुटल्यावर भरून दिले तरी कोणाचे अडत नाही, मागणारा अधिकारी असला तरी.

आपल्या भागात ऋतूंचाही हिशेब ठेवावा लागतो. रोवणीच्या दिवसांत मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत घरी राहतात. मार्च-एप्रिलमध्ये मुले पहाटेच मोहफुले वेचावयास जातात. यास्तव पालकांस दोष देणे मला उचित वाटत नाही. मोह हे त्या घराचे रोख उत्पन्न आहे. तेव्हा नवा व कठीण भाग, विशेषतः भागाकार व अपूर्णांक, रोवणी आटोपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत संपवावा आणि मोहाचे दिवस उजळणीसाठी राखावेत. उशिरा आलेल्या मुलास दाराशी उभे करू नये; त्यात त्याचा आणि वर्गाचा, दोघांचाही वेळ जातो. वेचलेल्या मोहाचे वजन व भाव त्यालाच फळ्यावर मांडू द्यावे. घरी गोंडी किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलांना पहिलीत मराठी ऐकण्या-बोलण्यासाठी अधिक वेळ लागतो. तो काढण्यात काटकसर केली, तर तेच मूल पाचवीत वाचताना अडखळते. तेव्हा मात्र हाती वर्ष उरलेले नसते.

प्रत्येकाने एक आठवडा दैनंदिनीच्या समासात, अध्यापन प्रत्यक्ष किती वाजता सुरू झाले आणि किती वाजता थांबले, एवढेच टिपावे. येत्या केंद्र परिषदेस येताना ती नोंद सोबत आणावी. शाळेचे नाव न घालता दिली तरी चालेल.