पाणी गोठलं की डोंगर पुसट का होतो?

प्रश्न : पावसाळ्यात आम्ही दोघा मित्रांनी एकाच ओढ्याचे, एकाच जागेवरून, पाठोपाठ फोटो काढले. माझ्या फोटोत खडकावरून उडणारा थेंब न् थेंब हवेत थांबलेला दिसतो, पण मागचा डोंगर पार पुसटला आहे. त्याच्या फोटोत डोंगर लख्ख आहे, पाण्याची मात्र पांढरी सलग धार झाली आहे. उजेड तोच, जागा तीच. मग पाणी गोठवायचं तर डोंगरावर पाणी सोडावंच लागतं, असा काही नियम आहे का?

उत्तर : पाण्याचा आणि डोंगराचा थेट संबंध नाही. दोघांना जोडतो तो उजेड. कॅमेऱ्यात किती उजेड शिरणार हे दोन गोष्टींवर ठरतं : लेन्समधलं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, किती उघडलं आहे आणि शटर किती वेळ उघडं राहतं. एक वाढवलं की दुसरं तितक्याच पटीने कमी करावं लागतं, नाहीतर फोटो पांढराफटक तरी होतो किंवा काळाकुट्ट तरी.

आकडे घेऊन पाहू. ढगाळ दिवस, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवला आहे, तो आकडा) १००, फुल-फ्रेम कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स. एफ/२ ठेवलं तर सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. एफ/४ ला १/२५० सेकंद लागतो, एफ/८ ला १/६० आणि एफ/१६ ला १/१५. चारही फोटो सारखेच उजळ. एफचा आकडा वाढतो तसं छिद्र लहान होत जातं, कारण लेन्सच्या नाभीय अंतराला त्या आकड्याने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. एफ/२ ला तो २५ मिलिमीटर असतो, एफ/१६ ला जेमतेम ३.

आता पाण्याकडे या. मीटरभर उंचीवरून पडलेलं पाणी खाली पोचतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेचार मीटर असतो. १/१००० सेकंदात ते चार-साडेचार मिलिमीटर सरकतं, म्हणून थेंब थांबलेला वाटतो. १/१५ सेकंदात तेच पाणी ३० सेंटिमीटर खाली येतं. तेवढी सगळी वाट एकाच फोटोत उमटते आणि तिची धार होते.

डोंगराचं गणित छिद्रात आहे. त्याच्या एका बिंदूतून आलेले किरण लेन्सच्या पूर्ण छिद्रातून आत शिरतात आणि शंकूच्या आकारात एकत्र येतात. फोकस जवळच्या पाण्यावर असेल तर डोंगराचे किरण सेन्सरच्या अलीकडेच एकत्र येऊन पुन्हा पसरतात. सेन्सरवर मग बिंदूऐवजी चकती पडते. छिद्र मोठं असेल तर चकती मोठी आणि चित्र पुसट. छिद्र बारीक केलं की चकती इतकी लहान होते की आपला डोळा तिला बिंदूच समजतो. फोकसच्या पुढेमागे जेवढा पट्टा असा स्पष्ट दिसतो, त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. तीन मीटरवर फोकस असताना एफ/२ ला हा पट्टा ४० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. एफ/१६ ला तो दोन मीटरच्या किंचित अलीकडून सात मीटरपर्यंत जातो. फोकस सव्वापाच मीटरवर नेला, तर साधारण २.६ मीटरपासून थेट डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. तुमच्या मित्राचा फोटो असाच काहीसा आला असणार.

यातलं प्रत्येक टोक कोणी ना कोणी आपलंसं केलेलं आहे. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याचे एकापाठोपाठ फोटो घेतले आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात हे दाखवून दिलं. १९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरेंनी आपल्या गटाला नावच 'एफ/६४' दिलं, कारण बारीक छिद्रातून मिळणारी आरपार स्पष्टता त्यांना हवी होती. आणि १८३८ मध्ये दागेरने पॅरिसच्या बुलेव्हार द्यू ताँप्लचा फोटो घेतला तेव्हा प्लेटवर उजेड कित्येक मिनिटं पडू द्यावा लागला. येणारी-जाणारी माणसं आणि गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा राहिला. दागेरचा तो नाइलाज होता. रघू राय यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या चर्चगेट स्थानकात शटर मंद ठेवून तेच जाणून केलं. त्यांच्या फोटोत गर्दी विरघळून वाहते आणि वर्तमानपत्र वाचत बसलेली माणसं ठळक राहतात. शहराची धावपळ दाखवायला गर्दीतला एकेक चेहरा स्पष्ट असण्याची गरज नाही, हे तो फोटो पटवून देतो.

तुम्हाला थेंब आणि डोंगर दोन्ही हवे असतील तर वाट आहे. आयएसओ १६०० करा. मग एफ/१६ लाही १/२५० सेकंद पुरतो. त्याची किंमत म्हणजे फोटोत थोडा रवाळपणा. किंवा चार पावलं मागे या. तीनऐवजी सहा मीटरवरून एफ/२ लाही स्पष्ट पट्टा सुमारे पावणेदोन मीटरचा होतो. डोंगर तरीही पुसटच राहील, पण पाण्याभोवतीचे खडक नीट येतील. उलट धार आणखी मऊ हवी असेल तर उजेडाचा आठवा भागच आत सोडणारा एनडी८ फिल्टर लावा. मग एफ/१६ ला अर्धा सेकंद मिळतो. त्यासाठी ट्रायपॉड मात्र हवाच, हातात कॅमेरा तेवढा वेळ स्थिर राहत नाही. छिद्र एफ/२२ च्या पुढे नेण्याचा मोह टाळा. फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

मोबाइलवर हा प्रयोग अर्धाच जमतो. बहुतेक फोनमध्ये छिद्र कायमचं एका मापाचं असतं, आणि नाभीय अंतर काही मिलिमीटरच असल्यामुळे जवळजवळ सगळंच स्पष्ट येतं. पोर्ट्रेट मोडमधला पुसटपणा फोन नंतर हिशोब करून घालतो. पण प्रो मोड असेल तर शटर तुमच्या हातात आहे, तेव्हा पाण्यापासून सुरुवात करा.

कॅमेरा असेल तर मॅन्युअल मोड लावा, आयएसओ १०० वर स्थिर ठेवा आणि एफ/२, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे सात फोटो घ्या. दर वेळी शटर दुप्पट मंद करा. उजळपणा सातांत सारखाच, पण दोन फोटो एकसारखे नसतील. ऑटोवर कॅमेरा यातला एक स्वतःच निवडतो. उजेड त्याला मोजता येतो. तुम्हाला पाण्याची उसळी दाखवायची आहे की डोंगराच्या कुशीतला ओढा, हे त्याला कळत नाही. ते आधी ठरवा, मग आकडे निवडा.