कोयता बाहेर पडायच्या आत

कार्तिक पौर्णिमेला बीड जिल्ह्यातल्या आमच्या कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. लातूर, नांदेड, परभणीकडून, तिकडं कर्नाटकातूनही दिंड्या पायी येतात. मांजरसुंब्याच्या फाट्यापासून माणसांची रीघ लागते. पण त्याच दिवसांत आसपासच्या वाड्या-तांड्यांवर एक चक्कर मारून बघा. निम्म्या दारांना कुलपं. उरलेल्या ओसऱ्यांवर म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. करती पोरं-सुना दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यांवर गेलेली असतात. ती पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तोवर पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं एकटी.

मी याच पट्ट्यात उभं आयुष्य टपाल वाटलं. मनिऑर्डरी वाटल्या, म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले, पत्रं वाचून दाखवली. आता स्वतःच पंच्याहत्तरी ओलांडली आहे, तरी लोक कागद घेऊन माझ्याकडेच येतात. अलीकडं एकच प्रश्न फार कानावर येतो : “काका, ते सत्तरीनंतरचं दवाखान्याचं कार्ड काढायची शेवटची तारीख कोणती?”

सरकारनं त्याला शेवटची तारीख ठेवलेली नाही. बारा महिने कधीही काढता येतं. पण मी आपल्या माणसांना तारीख सांगतो. दसरा. कोयता घराबाहेर पडायच्या आत कार्ड झालं पाहिजे. असं का, ते सांगतो.

आधी हे कार्ड काय आहे ते नीट समजून घ्या. आयुष्मान भारत योजना 2018 साली आली, ती ठरावीक कुटुंबांपुरती होती. 29 ऑक्टोबर 2024 ला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, ती 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला खुली केली. गरीब-श्रीमंत, पिवळं कार्ड, पांढरं कार्ड असलं काही विचारत नाहीत. या कार्डाला आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात. वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार, दवाखान्यात भरती झाल्यावर, बिनपैशाचे. घर आधीपासून आयुष्मानमध्ये असेल तर सत्तरीवरच्यांना हे 5 लाख वेगळे मिळतात, पोरासोरांच्या वाट्यातून जात नाहीत. मात्र घरात सत्तरीवरचे दोघं असतील तर 5 लाख दोघांत मिळून. साखर, रक्तदाब, जुना दमा आधीपासून असला तरी चालतं आणि कार्ड झाल्या दिवसापासून ते लागू होतं. खासगी विम्यासारखी दोन-तीन वर्षं वाट बघायला लावत नाहीत. ही गोष्ट लोकांना खरी वाटत नाही म्हणून मी ती दोनदा सांगतो.

कागद एकच लागतो, आधार. आणि सगळी गोम तिथंच आहे.

आमच्या शेजारी एक नाना राहायचे. मुलगा-सून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला. यात्रेच्या आठ दिवस आधी नाना पहाटे अंगणात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. 108 ची गाडी वेळेवर आली, ती तक्रार नाही. पण कार्ड काढलेलं नव्हतं. दवाखान्यातल्या पोरानं मोबाईलवर लगेच काढायचं म्हटलं तर ओटीपी जाणार मुलाच्या फोनवर, कारण आधारला नंबर त्याचा. आणि मुलगा कुठं? उसाच्या फडात. कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, वीज नाही, फोनची बॅटरी गेलेली. मुकादमाला फोन लावला, मुकादमानं गाडीवाल्याला सांगितलं, गाडीवाला फडात गेला. तोवर दुपार टळली. नानांचं बोट यंत्रावर ठेवून पाहिलं, रेषाच उमटेनात. जन्मभर कोयता धरलेलं बोट ते! शेवटी घाबरून घरच्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पैसे गोळा करून एका खासगी दवाखान्यात भरले. तिथल्या कोणी योजनेचं नावही काढलं नाही. मुलानं त्या वर्षी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही, पुढच्या वर्षी आणखी एक उचल घ्यावी लागली.

तेव्हापासून मी भादव्यातच घरोघर सांगत फिरतो. पोरं घरात आहेत, फोन घरात आहेत, हातातली कामं जरा कमी आहेत, तेव्हाच हे उरकायचं.

पहिलं काम फोन नंबरचं. आई-बापाच्या आधारला जो नंबर आहे तो फोन गावात राहणार आहे का, हे बघा. राहणार नसेल तर आधार केंद्रावर जाऊन गावातल्याच फोनचा नंबर लावून घ्या. नातवाच्या हातातला फोन चालेल, तो शाळेसाठी इथंच असतो. नंबर बदलायला माणूस स्वतः समोर लागतो, म्हणून म्हातारं माणूस हिंडतं-फिरतं आहे तोवरच हे करायचं. अंथरूण धरल्यावर त्याला आधार केंद्रात नेणं म्हणजे यातना.

दुसरं, बोटांचं. आपल्या बायाबापड्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. कोयत्यानं, खुरप्यानं, राखेनं भांडी घासून. माझी बायको जन्मभर चुलीशी बसली, तिच्याही उमटत नाहीत. मी तिला आदल्या रात्री खोबरेल तेल लावायला लावलं, सकाळी कोमट पाण्यानं हात धुवून कोरडे केले. तरी यंत्र नाहीच म्हणालं. मग आशाताईंनी सांगितलं, चेहऱ्यावरून करू. चष्मा काढायचा, उन्हाच्या बाजूला तोंड करून बसायचं, मागं खिडकीचा उजेड नको, आणि सांगतील तेव्हा डोळे मिटून उघडायचे. बायकोनं डोक्यावरचा पदर थोडा मागं सारला, दोनदा डोळे मिटले, झालं. दहा मिनिटं लागली असतील. बोट नाही उमटलं म्हणून कोणी परत पाठवलं तर परत येऊ नका. ओटीपी, डोळा, चेहरा, तिन्ही वाटा आहेत, तेवढं तोंडानं सांगा.

तिसरी गोष्ट वयाची. इथं फार माणसं अडकतात. वय 70 झालं की नाही हे आधारवर जे छापलंय त्यावरूनच धरतात. आता आपल्या अक्का-मावशांचं आधार काढलं तेव्हा समोरच्यानं विचारलं, “वय किती?” अक्का म्हणाली, “असंल पन्नास.” त्यानं तेच लिहिलं. आमच्या वस्तीवरच्या एक अक्का 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जात होत्या, काखेला पहिलं लेकरू होतं. त्यांच्या आधारवर जन्मसाल 1962. म्हणजे कागदाच्या हिशेबानं खडी फोडताना त्या दहा वर्षांच्या! आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते आणि तीही पुराव्यावर, तेव्हा अंदाजानं काही सांगून ती एक संधी वाया घालवू नका. आधी पुरावा हातात घ्या, मगच रांगेत उभे राहा.

तोवर अक्का उघड्यावर आहेत असं मात्र समजू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी सगळ्या महाराष्ट्रात आली. पिवळं आणि केशरी रेशन कार्ड तिच्यात होतंच. आपला बीड जिल्हा शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत असल्यानं इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ती आधीपासून मिळत होती. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयानं ती राज्यातल्या सगळ्याच रेशन कार्डांना लागू झाली आणि दीड लाखांची मर्यादा 5 लाखांवर गेली. तिला वयाची अट नाही. रेशन कार्डावर नाव असलं की पुरे.

पण नाव असलं पाहिजे. ही चौथी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. भाऊ वेगळे होतात, रेशन कार्डं वेगळी होतात. थोरल्याच्या कार्डात त्याची बायका-पोरं, धाकट्याच्या कार्डात त्याची. आई-बाप? थोरला म्हणतो धाकट्याकडं आहेत, धाकटा म्हणतो जुन्या कार्डावर असतील. जुनं कार्ड तर बंद झालेलं. मी अशी तीन घरं पाहिली आहेत की जिथं शेत कोणाचं, विहीर कोणाची, म्हैस कोणाची, हे सगळं ठरलं आणि आईचं नाव कोणाच्या कार्डात हे ठरवायचं राहून गेलं. वाटणी करताना पहिली ओळ आई-बापाच्या नावाची लिहा. आणि रेशन कार्डावरचं नाव, आधारवरचं नाव जुळतंय का बघा. एकीकडं ‘रुक्मिणबाई’ आणि दुसरीकडं ‘रुखमाबाई’ असेल तर दवाखान्यात तो फरक निस्तरायला कोणाला वेळ नसतो.

भरती व्हायची वेळ आली तर काय करायचं, तेही ऐकून ठेवा. दारात पोचलात की पैशांच्या खिडकीवर जायच्या आधी आरोग्यमित्र कुठं बसतात ते विचारा. योजनेतल्या दवाखान्यात ते असतात. त्यांना कार्ड दाखवा, “योजनेतून घ्या” असं स्पष्ट सांगा. आधी पैसे भरले आणि नंतर पावत्या दाखवून परत मागू, असा हिशेब करू नका. ही योजना पैसे परत देणारी नाही, पैसे घ्यायचेच नाहीत अशी आहे. दवाखाना योजनेत आहे का आणि तो आजार त्या दवाखान्याला दिलेला आहे का, हे दोन्ही विचारायचं. 14555 हा आयुष्मानचा आणि 155388 हा महात्मा फुले योजनेचा फुकटचा नंबर आहे. आमच्या भिंतीवर दोन्ही कोळशानं मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलेत, बायकोला चष्म्याशिवाय दिसतील असे. आपल्याकडं बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. सरकारी दवाखान्याला नाक मुरडून थेट खासगीत पळू नका, आधी तिथं विचारा.

आणि हेही लक्षात घ्या की नुसतं डॉक्टरला दाखवायचं, गोळ्या आणायच्या, याला हे कार्ड चालत नाही. भरती झाल्यावरच चालतं. घरी सोडल्यावरची 15 दिवसांची औषधं आयुष्मानच्या पॅकेजात धरलेली असतात, ती मागून घ्या. लाजू नका.

ज्यांना खरोखरच तारखा आहेत अशा दोन-तीन गोष्टी आहेत. पोरगा पुण्यात कंपनीत लागला असेल आणि कंपनी आई-बापाचा विमा काढत असेल, तर नावं घालायला रुजू झाल्यावर थोडेच दिवस मिळतात. तेव्हा हुकलं तर बहुतेक ठिकाणी वर्षभर थांबावं लागतं. त्याला फोन करून विचारा. बँकेतून 20 रुपये कापून होणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा अपघाताचा आहे, 70 वर्षांपर्यंतच मिळतो, आणि त्याचं वर्ष 1 जून ते 31 मे. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नसले तर विमा तुटतो. ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांनी तर तो काढलाच पाहिजे. माजी सैनिकांना आणि केंद्र सरकारच्या पेन्शनरांना त्यांची योजना किंवा आयुष्मान, दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. नीट विचार करून निवडा. स्वतःच्या पैशानं घेतलेला खासगी विमा असेल तर आयुष्मान घ्यायला अडचण नाही, दोन्ही चालतात.

एक इशारा. कार्डासाठी नाव घालायला पैसे नाहीत. यात्रेत टेबल टाकून कोणी दोनशे-पाचशे मागितले तर देऊ नका. आणि फोनवर आलेला आकडा, तुम्ही स्वतः कार्ड काढायला बसला नसाल तर, कोणालाही सांगू नका. मग तो कितीही गोड बोलू दे.

आमच्याकडं एक प्लास्टिकची पिशवी खुंटीला टांगलेली आहे. तिच्यात दोघांचं आधार, वय वंदना कार्डाच्या दोन-दोन छापील प्रती, रेशन कार्डाची झेरॉक्स, चालू गोळ्यांची चिठ्ठी, आणि मुलाचा नि शेजारच्या पोराचा नंबर. ती पिशवी कुठं आहे हे शेजारच्या तिसरीतल्या पोरीलाही माहीत आहे. मी मुद्दाम तिला दाखवून ठेवली, कारण आम्ही दोघं पडलो तर आम्हाला उठून ती काढता येणार नाही.

पोरांनो, यंदा गाडीत कोपीचं सामान चढवायच्या आधी एक दिवस काढा. आई-बापाला घेऊन सेवा केंद्रात जा, किंवा आशाताईंना घरी बोलवा. आणि फडावर निघायच्या आदल्या संध्याकाळी तुमच्याही घरात तशी एक पिशवी खुंटीला टांगा, शेजाऱ्याला दाखवा, मग गाडीत बसा.