काडीकचऱ्याचा हातकागद व गावच्या वनस्पतींची ओळख

भोर आणि वेल्हे (आजचा राजगड) हे पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या कुशीतले भाताचे तालुके होत. भाताची कापणी व मळणी आटोपल्यावर शेतकरी कुटुंबास थोडी सवड मिळते आणि हवाही कोरडी असते. या दिवसांत टाकाऊ काडीकचऱ्यापासून हातकागद करता येतो. त्यात स्थानिक झाडांची पाने बसविली म्हणजे गावच्या वनस्पतींचे शोभिवंत तक्ते तयार होतात. हा उद्योग जिल्ह्यास नवा नाही. जुन्नरचा हातकागद पूर्वी नावाजलेला होता, आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था स्थापन झाली.

कच्चा माल : घड उतरविल्यावर केळीचा खांब निरुपयोगी होतो. त्याच्या सोपटांतील धागा लांब व चिवट असल्याने कागद मजबूत होतो. भाताच्या पेंढ्याचा धागा आखूड असतो, म्हणून तो एकटा न वापरता केळीच्या किंवा सुती चिंध्यांच्या लगद्यात मिसळावा. मात्र पेंढा हे प्रथम गुरांचे खाद्य आहे. कागदासाठी गव्हाणीत उरलेली चघळच घ्यावी.

कृती : वाळलेल्या सोपटांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून रात्रभर भिजत घालावेत. १ किलो सुक्या मालास सुमारे २०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून, माल बुडेल इतक्या पाण्यात ३ तास शिजवावे. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कारण सोड्याने ते खराब होते. नंतर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन माल लाकडी मोगरीने कुटावा. लगदा हौदातील पाण्यात ढवळून जाळीच्या साच्याने उचलावा, पाणी निथळू द्यावे व ओला ताव सुती कापडावर उलटावा. त्यावर आधी दाबून वाळविलेले पान ठेवून कडांवर पातळ लगदा सोडावा. मग ताव फळ्यांमध्ये दाबून सावलीत वाळवावा. पेजेची खळ दिल्यास शाई फुटत नाही, पण कसर लागू नये म्हणून असे ताव कोरड्या जागी ठेवावेत.

दक्षता : शिजविल्यानंतरचे सोड्याचे पाणी ओढ्यात किंवा खाचरात सोडू नये. त्यातील क्षारामुळे जमीन बिघडते. पाने गळलेलीच घ्यावीत. आमरी व नेचे यांसारख्या वनस्पती उपटू नयेत. देवराईतील वाळले पानही उचलू नये, ही जुनी रीत पाळावी. तिच्यामुळेच कित्येक दुर्मिळ झाडे टिकून राहिली. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून वाळते, त्या वेळी बी पडू देऊन मगच तिची पाने घ्यावीत. घाणेरी व रानमोडी यांचे बी लगद्यात जाऊ देऊ नये, नाहीतर कागदाबरोबर तणाचाही प्रसार होईल.

उपयोग : जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. प्रत्येक तावावर झाडाचे स्थानिक नाव, आढळस्थान, फुलण्याचा काळ व उपयोग लिहावा. ऐन, हिरडा, जांभूळ, अंजन अशा परिचित झाडांपासून आरंभ करावा. नावे व उपयोग गावातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावेत. ही माहिती त्यांच्याबरोबर लोप पावण्यापूर्वी लिहून ठेवणे अगत्याचे आहे. असे तक्ते शाळेत लावल्यास मुलांना रानाची ओळख होईल. अधिक ताव विकले गेल्यास घरास थोडी मिळकतही होईल.