शकुंतलेत पैसे कुणी घातले?

प्रश्न : आमच्या दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला गाडी विलायती कंपनीची होती आणि स्वातंत्र्यानंतरही त्या कंपनीचा हक्क सुटला नाही, असं लहानपणापासून ऐकत आलो. आता पुण्यात नोकरी करणारा मुलगा मित्राच्या स्टार्टअपमध्ये पाच लाख घालायचे म्हणतो. बोलताना एंजल, व्हेंचर, व्हॅल्यू हे शब्द सारखे येतात. शकुंतलेत पैसे घालणारे यांपैकी कोण होते? आणि मुलाला काय सांगू?
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : तिघांपैकी कुणीच नव्हते. पण ते कोण होते हे नीट कळलं, तर उरलेले तिघे आपोआप वेगळे दिसू लागतात.

यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि पुढे अचलपूर ही अडीच फुटी रुंदीची लाइन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. तिची व्यवस्था मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीकडे. ही पेढी इंग्रजांनी 1857 मध्ये काढली आणि पुढे भारतीयांच्या हाती गेली, त्यामुळे ‘आजही लंडनचा मालक’ हे अर्धंच खरं. लाइन घातली ती वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर, तिथून मुंबई बंदरात आणि बोटीनं मँचेस्टरला पोचवायला. गंमत म्हणजे कंपनी स्वतः गाड्या चालवत नव्हती. ते काम आधी जीआयपी रेल्वेचं, नंतर मध्य रेल्वेचं. कंपनीनं रूळ द्यायचे आणि करारानं ठरलेला वाटा घ्यायचा.

म्हणजे कापूस येणार हे ठाऊक, गाडी दुसरा चालवणार, पाठीशी सरकारी करार. याला धाडसी भांडवल म्हणत नाहीत. घर बांधून भाड्यानं देण्याच्या जातीचा हा व्यवहार. यात नफा बेताचा, झोप शांत. पण त्याची किंमत गावानं मोजली. ज्याचे रूळ त्याला गाडीच्या वेगाशी देणंघेणं नाही, जो गाडी चालवतो त्याचे रूळ नाहीत. मग नवा पैसा ओतणार कोण? मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत या मार्गावर धावलं, त्याचं कौतुक फोटो काढणाऱ्यांनी केलं. पण डब्यात बसून मूर्तिजापूर गाठणाऱ्याला त्याचं काय? माझ्या मते शकुंतलेच्या रखडण्याचं मोठं कारण या करारातच होतं.

आता खरं धाडस पाहायचं तर नागपूरला जावं लागतं. जमशेटजी टाटांनी 1874 मध्ये कापड गिरणीसाठी कंपनी काढली आणि मुंबई सोडून नागपूरजवळची दलदलीची जागा घेतली. कारण साधं होतं: कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा जवळ. भराव घालायचं काम सुरू झालं तेव्हा तिथल्या एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला. चांगले रुपये मातीत घालून खड्डा बुजवणाऱ्या माणसाला कोण देणार, असं त्याचं म्हणणं. 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे त्याच सावकारानं कबूल केलं म्हणतात, की टाटांनी सोनं मातीत घातलं नव्हतं, माती घालून सोनं काढलं होतं.

ही गोष्ट सांगताना सावकाराला हसायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. सावकाराचा धंदा व्याजाचा. गिरणी चालली तर त्याला ठरलेलं व्याज, बुडाली तर मुद्दल गेलं. एवढ्याशा व्याजासाठी दलदलीत उतरणं त्याच्या हिशोबात बसत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. तिथे पैसा घालायचा तर भागीदार म्हणूनच. एंजल गुंतवणूकदार नेमकं हे करतो: माल बाजारात यायच्या आधी, ताळेबंद दाखवण्याजोगा नसताना, स्वतःच्या खिशातला पैसा माणसाकडे पाहून देतो आणि बदल्यात व्याज न मागता मालकीचा हिस्सा घेतो. 1981 मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली ती सुधा मूर्तींच्या साठवलेल्या दहा हजारांवर. बारा वर्षांनी, 1993 मध्ये, त्याच कंपनीचा शेअर 95 रुपयांना जाहीर विक्रीला आला तेव्हा तो भाग पुरता भरलासुद्धा नाही; मॉर्गन स्टॅन्लीनं 13 टक्के उचलला. तेव्हा ‘मला आधीच वाटलं होतं’ म्हणणारे लोक नंतर जन्माला आले असावेत.

व्हेंचर कॅपिटलवाला हेच काम दुसऱ्यांच्या पैशानं, मोठ्या आकड्यात आणि मुदत बांधून करतो. त्याचा हिशोब तुम्हाला लवकर कळेल, कारण तुम्ही कोरडवाहू रानात सरकी टोबलेली आहे. सगळी सरकी उगवत नाही, हे धरूनच दाणे टाकतो. समजा, त्यानं दहा कंपन्यांत एकेक कोटी घातले. सहा पार बुडाल्या, तिघींनी मुद्दल परत केलं, एकीनं तीस कोटी दिले. दहा कोटींचे तेहतीस झाले. दहा वर्षं लागली असतील तर वर्षाला पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास पडले. ती एक कंपनी वजा करा, हातात उरतात तीन कोटी. शेतात निदान नांग्या भरता येतात. इथे पाऊस पडून गेल्यावर कळतं की कुठलं बी उगवलं नाही.

तुमच्या मुलाचा प्रश्न इथेच अडतो. त्याच्याकडे दहा कंपन्या नाहीत, एकच आहे, आणि ती सहांपैकी एक निघण्याची शक्यताच जास्त. म्हणून पाच लाख चांगले की वाईट हे मी सांगू शकत नाही. ते पाच लाख गेले तर घरातलं काय थांबेल, एवढं विचारा. बहिणीचं लग्न किंवा विहिरीचं काम थांबणार असेल, तर उत्तर मिळालं.

कागदाचंही विचारा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला कर्मचारी सोडून 200 पेक्षा जास्त भागधारक ठेवता येत नाहीत आणि लोकांना जाहीर आवाहन करून शेअर विकता येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ‘सुरुवातीलाच या’ म्हणून जे फिरतं, ते यातच उघडं पडतं. पैसे दिले म्हणजे शेअर मिळाले असंही नव्हे. वाटपाचा ठराव झाला का, कंपनी निबंधकाकडे नोंद झाली का, हे पाहायचं. आणि सगळ्यात अवघड प्रश्न: बाहेर कसं पडणार? अशा शेअरला रोजचा बाजार नसतो. कंपनी उत्तम चालली तरी घेणारा मिळेपर्यंत ते पैसे कपाटातला कागद असतात.

बाहेर पडायचं दार हवं, तर बाजारात नोंदलेल्या जुन्या कंपन्या. व्हॅल्यूवाले तिकडे जातात. बेंजामिन ग्रॅहम या अमेरिकी प्राध्यापकाचं सूत्र असं, की कंपनीची खरी किंमत काढावी आणि तिच्यापेक्षा बऱ्याच कमी भावात शेअर मिळाला तरच घ्यावा. आपला अंदाज चुकला तरी मधली फट वाचवते. ऐकायला सोपं आहे. त्याचा नामांकित शिष्य वॉरन बफे याच सूत्रावर फसला आणि फसला तो कापसाच्या गिरणीतच. बर्कशायर हॅथवे ही अमेरिकेतली कापड कंपनी त्यानं स्वस्त म्हणून 1962 पासून घ्यायला सुरुवात केली, 1965 मध्ये ताबा घेतला आणि वीस वर्षं झुंजून 1985 मध्ये तिथल्या गिरण्या बंद केल्या. नवी यंत्रं आणली की शेजारच्या गिरणीनंही आणली. वाचलेला खर्च गिऱ्हाइकाच्या खिशात गेला. जिनिंगवाल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. आपली एम्प्रेस मिलसुद्धा शेवटी सरकारी महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये बंद पडली. स्वस्त आहे म्हणून घ्यायच्या आधी स्वस्त का आहे, हे शोधायला लागतं ते यासाठी.

उलट टोकाला अमळनेर. तिथे 1945 च्या शेवटी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही तेल-वनस्पती तुपाची कंपनी निघाली. गावातल्या लोकांनी भाग घेतले. 1966 मध्ये संस्थापक वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परतले, तेव्हा भागधारकांच्या सभेत एकानं त्यांना तोंडावर सुनावलं की तुम्हाला हे झेपणार नाही, विकून मोकळे व्हा. तीच कंपनी पुढे विप्रो झाली आणि ज्यांनी कागद जपले ते अमळनेरकर कोट्यधीश झाले. यातून ‘घेऊन विसरून जा’ असा धडा काढला जातो. मला तो पटत नाही. त्याच काळात निघालेल्या तेलगिरण्यांचे भाग ज्यांनी तितक्याच निष्ठेनं जपले, त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. अमळनेरच्या लोकांनी संगणक कंपनी ओळखली नव्हती. त्यांनी आपल्या डोळ्यांसमोर चाललेली गिरणी घेतली, लाभांश घेतला, आणि विकायची निकड आली नाही. निकड न येणं ही बाब मात्र हातातली होती: ते पैसे उसने नव्हते.

मुलाला एक तिसरा रस्ताही दाखवा. नाशिकच्या सह्याद्री फार्म्समध्ये 2022 साली परदेशी गुंतवणूकदारांनी 310 कोटी रुपये घातले. मूळ संस्था शेतकरी उत्पादक कंपनी आणि तिचे भाग उत्पादकांबाहेर जात नाहीत, म्हणून भांडवल घेतलं ते पोटकंपनीत. शेतकऱ्यांची मालकी आणि बाहेरचा पैसा एकत्र नांदवायची ही रीत यवतमाळच्या तूर-सोयाबीनलाही लागू पडण्याजोगी आहे. मित्राच्या स्टार्टअपचा करार वाचायच्या आधी त्यानं ही रचना समजून घेतली तर करारातली निम्मी कलमं त्याला ओळखीची वाटतील.

राहिला तुमच्या शकुंतलेचा प्रश्न. गाडी कित्येक वर्षं बंद आहे, पुसदकडचा फाटा तर कधीच उखडला. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा रुंद मार्ग दारव्ह्यावरूनच आखलेला आहे. त्याचा वर्धा–कळंब टप्पा 2024 मध्ये सुरू झाला. या वेळी पैसा सरकारी आहे, म्हणजे तुमचा-माझा. भागधारकांच्या सभेला जायची सोय तेवढी नाही.