कॉरिडॉरमधला चर, रस्त्यावरचा चर
भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडसारख्या गजबजलेल्या रस्त्याखालून मलवाहिनी न्यायची असेल, तर खोदाईचे परिमाण ‘सिव्हिल थ्रीडी’ या सॉफ्टवेअरच्या कॉरिडॉरमधून काढता येते. नळाची आखणी, तळाची प्रोफाइल आणि चराचा छेद ठरवणारी असेंब्ली दिली, की घनमीटरचा आकडा मिळतो. तो चटकन मिळतो म्हणूनच तपासायचा राहून जातो.

पहिली गफलत बाजूंच्या उताराची. तळ १ मीटर रुंद आणि खोली ३ मीटर धरली, तर उभ्या बाजूंच्या चरात मीटरमागे ३ घनमीटर माती निघते. असेंब्लीत १:१ उतार तसाच राहिला तर हीच माती १२ घनमीटर होते आणि चराचे तोंड ७ मीटर रुंद होते. म्हणजे चर दुकानांच्या पायऱ्यांशी भिडतो. संगणक मात्र हरकत घेत नाही. अशा रस्त्यावर बाजू उभ्याच ठेवाव्या लागतात. दीड मीटरहून खोल चराला आयएस ३७६४ प्रमाणे आधार हवा. तो चौरस मीटरमध्ये वेगळा मोजावा, त्याची जाडी चराच्या रुंदीत धरावी. खाडीकाठच्या भाईंदरात पाणी उपसण्याचा खर्चही कॉरिडॉर सांगत नाही.

छेदात उभी बाजू चालते, पण त्रिकोणी जाळ्याच्या सरफेसला एकाच बिंदूवर दोन उंची ठेवता येत नाहीत. म्हणून तळापेक्षा माथा काही मिलिमीटर बाहेर घ्यावा.

प्रोफाइल बहुधा नळाच्या इन्व्हर्टची, म्हणजे आतल्या तळाची, असते, खोदाईचा तळ त्याखाली असतो. नळाची जाडी ४० मिलिमीटर आणि बेडिंग १५० मिलिमीटर असेल, तर १ मीटर रुंद चरात १०० मीटरमागे १९ घनमीटर विसरले जातात.

सर्वांत महाग चूक वरच्या पातळीची. चराचे टार्गेट सर्वेक्षणातला सध्याचा रस्ता ठेवला, आणि त्याच कामात रस्ताही अर्धा मीटर खोदून नव्याने बांधायचा असेल, तर तो थर दोनदा मोजला जातो: एकदा रस्त्याच्या खोदाईत, एकदा चरात. वरच्याच चरात १०० मीटरमागे ५० घनमीटर फुगतात. रस्ता आधी उकरायचा असेल तर टार्गेट त्या खोदाईच्या तळाचा सरफेस असावा. चर आधी असेल तर रस्त्याच्या परिमाणातून चराच्या रुंदीइतका भाग वजा करावा. क्रम साइटवर विचारूनच ठरवावा. डांबर, काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक उखडणे ही मातीकामाबाहेरची बाब, ती मातीत मिसळू नये.

चेंबरपाशी आखणी वळते तिथे छेद एकमेकांवर चढतात. तिथे रिजन तोडून चेंबरचा खड्डा स्वतंत्र मोजावा. सरफेसला बाह्य सीमा न दिल्यास वळणाच्या आतल्या बाजूला खोटे त्रिकोण जुळतात आणि न खोदलेली जागाही हिशेबात येते. छेदांमधले अंतर सरळ भागात मोठे चालते. वळणावर आणि उतार बदलतो तिथे जवळ घ्यावे.

शेवटी दोन-तीन चेनेजचे छेद हाताने काढून सॅम्पल लाइनच्या क्षेत्रफळाशी ताडावेत. फरक दिसला तर आधी टार्गेट पाहावे, मग असेंब्ली.