जुन्या ट्रकचे ब्रेक कमजोर का होतात?

इंदापूरहून अकलूजकडे जाताना बावडा हे गाव लागते. गळिताचा हंगाम सुरू झाला, की ह्या रस्त्यावर उसाच्या ट्रकांची, ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रीघ लागते. अशाच एका हंगामात ओळखीच्या ड्रायव्हरचा जुना ट्रक सायकलवरून शाळेला निघालेल्या दोन मुलांपासून जेमतेम हातभर अंतरावर थांबला.

"सर, पहिल्या दाबाला पेडल तळालाच गेलं. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा गाडी धरली, पण तीही उजवीकडं ओढत," तो सांगत होता.

विद्यार्थी मित्रांनो, हा दोष शोधायचा, तर ब्रेक कसा चालतो ते आधी पाहू या. मोठ्या ट्रकांत बहुधा हवेच्या दाबावरचे ब्रेक असतात. ह्या ट्रकचा मात्र द्रवाच्या दाबावर चालणारा होता. त्यामागचे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) ह्याचे: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो.

समजा, पेडलवर ४०० न्यूटन बल लावले. पेडल ही एक तरफ आहे. तिने बल पाचपट केले, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर २,००० न्यूटन बल पडेल. दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ चौ. सेंमी. असल्यास दाब दर चौ. सेंमी.ला ४०० न्यूटन, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ४० पट वाढेल. चाकातील दट्ट्या ८ चौ. सेंमी.चा असेल, तर तो ब्रेक-शूला ३,२०० न्यूटन बलाने ड्रमवर दाबील.

आता नळीत १० घ. सेंमी. हवा शिरली आहे असे माना. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा दबते. बॉइलच्या नियमाप्रमाणे एवढ्या दाबाखाली ती पाव घ. सेंमी. एवढीच उरेल. कमी झालेली पावणेदहा घ. सेंमी. जागा भरण्यासाठी दट्ट्याला सुमारे २ सेंमी. आणि पेडलला त्याच्या पाचपट, म्हणजे १० सेंमी. जादा सरकावे लागेल. तेवढ्यात पेडल तळाला टेकते! लगेच पुन्हा दाबल्यास टाकीतले आणखी ऑइल नळीत येते, म्हणून दुसऱ्या वेळी ब्रेक लागतो.

गॅरेजमधील मिस्त्रींची तपासणीची रीत ह्याच तर्काने चालते:

१. पेडल स्पंजासारखे दबते : नळीत हवा आहे.
२. पाय दाबून धरला तरी पेडल हळूहळू खाली जाते : गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरमधील रबर झिजले आहे.
३. दोनदा मारल्यावर पेडल वर येऊन घट्ट होते : लायनर झिजून ड्रमपासूनचे अंतर वाढले आहे.
४. पेडल घट्ट, पण गाडी थांबत नाही : लायनर तेलकट किंवा गुळगुळीत झाले आहेत, किंवा बूस्टर काम करीत नाही.
५. गाडी एका बाजूला ओढते : दुसऱ्या बाजूचा ब्रेक कमी लागतो.

ह्या ट्रकमध्ये पहिले व पाचवे लक्षण होते. पुढचे डावे चाक काढताच कारण सापडले. तेथील सिलिंडरचे रबर फाटून ऑइल लायनरवर झिरपले होते. डावीकडील घर्षण घटल्याने गाडी उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला ओढत होती.

"टाकी कोरडी पडली होती. मी ऑइल भरलं की," ड्रायव्हर म्हणाला.

"भरलं, पण गेलं कुठं ते बघितलं नाही. अन् आत शिरलेली हवा कोण काढणार?" मिस्त्री म्हणाले.

त्यांनी रबर बदलले, पुढच्या दोन्ही चाकांना नवे लायनर बसविले आणि प्रत्येक चाकाचे निपल उघडून हवा काढली.

ब्रेक निम्मे कमजोर झाले तर काय होते? ताशी ५४ कि.मी. (सेकंदाला १५ मीटर) वेगाच्या गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटरने घटला, तर ती २२.५ मीटरांत थांबते, २.५ मीटरने घटला, तर ४५ मीटर लागतात. वेग निम्मा केल्यास मात्र हे अंतर चौथाई होते. म्हणून दोष कळताच वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी आणि दुरुस्तीशिवाय पुढे नेऊ नये.

करून पहा : सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या पाण्याने भरून प्लॅस्टिकच्या नळीने जोडा. एक दट्ट्या दाबताच दुसरा सरकेल. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा राहू द्या, दुसरा दट्ट्या बोटाने रोखून धरा आणि पहिला दाबा. बोटांना काय जाणवते? त्या ड्रायव्हरच्या पायाला तेच जाणवले होते.