सापाची पेटी आणि म्हसवडची हवा

थर्मलच्या सरांनी सायक्रोमेट्रिक चार्ट पहिल्यांदा फळ्यावर काढला तेव्हा अस्मादिक शेवटच्या बाकावर डुलक्या घेत होते. तोच चार्ट पुढे एका धामणीच्या डोळ्यांवर बेतेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो.

माझं गाव म्हसवड, तालुका माण. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे ५०० पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. मे महिन्यात परीक्षा संपवून घरी गेलो, तर शेजारच्या तात्यांकडे एक पाहुणी आलेली. तात्या सर्पमित्र. डाळिंबाच्या बागेच्या नायलॉन जाळीत अडकून धामणीच्या अंगावर खोल जखम झाली होती. वनखात्याला कळवून, त्यांच्या परवानगीने, जखम भरेपर्यंत ती तात्यांकडे राहणार होती. पेटीची जबाबदारी "इंजिनिअर" म्हणून माझ्यावर आली.

पहिली चूक : बल्ब

पेटी ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. सापाला ऊब लागते असं मी थंड देशात लिहिलेल्या एका पुस्तकात वाचलं होतं, म्हणून वर ६० वॅटचा बल्ब लावला. तात्या म्हणाले, "आरं, ही काय कोंबडीचं पिल्लू हाय व्हय?" मी ऐकलं नाही.

आता हिशोब बघा. खोलीत तापमान ३० अंश, सापेक्ष आर्द्रता ३० टक्के. ३० अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ धरते, म्हणजे आमच्या हवेत ९ ग्रॅम वाफ होती. बल्बने पेटी ३६ अंशांवर नेली. तेवढ्या गरम हवेची वाफ धरण्याची ताकद होते सुमारे ४२ ग्रॅम. वाफ तेवढीच, ९ ग्रॅम. पण टक्केवारी ३० वरून २२ वर आली! पाण्याचा एक थेंबही बाहेर न काढता मी पेटी कोरडी केली होती.

आठवड्याभरात धामणीचे डोळे दुधाळ झाले. कात टाकायची वेळ आली की जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये एक द्रव तयार होतो, त्याने डोळे असे दिसतात. मग डोळे निवळतात आणि काही दिवसांनी साप मोजा उलटा काढावा तशी अखंड कात काढतो. हवा फार कोरडी असली की कात चिकटते. आमच्या धामणीची कात चिंध्या चिंध्या होऊन निघाली. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो आणि त्याचं वरचं कवच कातीबरोबर निघतं. इथे दोन्ही डोळ्यांवर जुनं कवच तसंच राहिलं. ते चिमट्याने ओढायला गेलं तर डोळाच जाऊ शकतो. माझी झोप उडाली.

दुसरी चूक : पाणी

घाबरून मी बल्ब काढला, दिवसातून चार वेळा पाणी फवारलं आणि जाळीच्या झाकणावर प्लॅस्टिक ताणून बांधलं. हायग्रोमीटर ९० दाखवू लागला, मी खूश! पाच दिवसांनी तात्यांनी धामण उचलून दाखवली. पोटाचे खवले लालसर झाले होते, दोन ठिकाणी फोड. ओल्या कागदावर, कोंडलेल्या हवेत साप सतत पडून राहिला की खवले कुजतात, श्वासाचे आजारही होतात. जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि एकच वाक्य बोलले, "आधी हिला कोरडी जागा द्या."

म्हणजे कोरडं ठेवलं तर डोळे जाणार, ओलं ठेवलं तर पोट. मग करायचं काय?

बिळातलं उत्तर

संध्याकाळी तात्यांसोबत बागेच्या बांधावर गेलो. घुशीचं एक जुनं बीळ होतं. काठीला हायग्रोमीटर बांधून आत सरकवला. तोंडाशी ३० टक्के असलेला आकडा हातभर आत ७० च्या पुढे गेला. वरून माती फुफाट्यासारखी दिसते, पण खाली ओल धरून असते आणि बिळात वारा खेळत नाही. तात्या म्हणाले, "साप म्हसवडच्या हवेत ऱ्हातच न्हाई. त्यो बिळात ऱ्हातो. ऊन पायजे तवा भाईर येतो, वल पायजे तवा आत जातो."

झालं, डोक्यात प्रकाश पडला. पेटीत एकच आकडा सांभाळायचा नव्हताच. सापाला निवड द्यायची होती.

पुन्हा हिशोब केला. पेटीतली हवा ०.१८ घनमीटर. ती ३० वरून ६० टक्क्यांवर न्यायला लागणारी वाफ पावणेदोन ग्रॅमसुद्धा नाही! पण पेटीतली हवा तासाला एकदा बदलते असं धरलं तर दिवसाला ४० मिलीलीटर पाणी उडून जाणार. म्हणजे फवारा मारून उपयोग नाही. ओल हळूहळू सोडणारं काहीतरी हवं आणि वारा थोडा आवरायला हवा.

मग असं केलं :

१) पेटीच्या पाऊण भागात कोरडा कागद.
२) एका कोपऱ्यात तोंड फोडून मोठं केलेलं मातीचं मडकं आडवं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. आत भिजवून घट्ट पिळलेला काथ्या. हाताला ओल लागावी, पाणी ठिबकू नये.
३) प्लॅस्टिक काढून टाकलं. झाकणाची अर्धी जाळी पुठ्ठ्याने झाकली, अर्धी उघडी.
४) अंग बुडेल एवढी पाण्याची परात. पाणी रोज बदलायचं.
५) काथ्या दर आठवड्याला नवा, नाहीतर बुरशी येते.

हायग्रोमीटरही तपासला. झाकणात मीठ घेऊन ओलसर लगदा केला आणि यंत्रासकट बंद डब्यात रात्रभर ठेवला. अशा डब्यात आर्द्रता ७५ टक्के असायला हवी. आमचं यंत्र ६८ दाखवत होतं, म्हणून प्रत्येक वाचनात ७ मिळवू लागलो. प्रॅक्टिकलमधलं कॅलिब्रेशन असं कामी आलं!

धामण दिवसा मडक्यात, रात्री कोरड्या कागदावर. पोटाचे फोड सुकले. जखमी साप लवकर पुन्हा कात टाकतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी मडक्याच्या तोंडाशी अखंड कात पडलेली दिसली. मी आधी डोक्याचा भाग उजेडात धरला. दोन्ही डोळ्यांची गोल कवचं त्यात होती, नव्याबरोबर जुनीही निघाली होती. पहिल्या पावसानंतर वनखात्याच्या माणसांसमोर तिला त्याच बांधावर सोडलं.

जाता जाता

हे वाचून कुणी रानातला साप घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. पुण्या-मुंबईत काही जण परदेशी बॉल पायथन पाळतात. त्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्याला साधारण ५० ते ६० टक्के आर्द्रता लागते, कात टाकताना जास्त. पण तोही आफ्रिकेत बिळातच राहतो. कोकणातल्या पावसाळ्यात त्याच पेटीत ओल नव्हे, वारा वाढवावा लागेल. म्हणून दुसऱ्या गावची पेटी उतरवून घेऊ नका. आधी आपल्या खोलीतली हवा मोजा.

आणि हो, सायक्रोमेट्रीच्या तासाला जागे राहा.